प्रेते कोणी उचलावीत?
नैसर्गिक आपत्ती, सैन्य आणि आपले हक्क

(वर्षावासाच्या काळात विहारात झालेल्या सभेतील भाषण)



आजच्या भाषणासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. धम्मदीक्षा घेऊन ज्यांना वर्ष-दोन वर्षेच झाली आहेत अशी पुष्कळ कुटुंबे येथे बसली आहेत. पंचशील, बावीस प्रतिज्ञा, विवाहविधी, नामकरण यांविषयी त्यांना ऐकावयाचे असते व ते योग्यच आहे. ते सांगण्यास माझ्याहून अधिक अधिकारी माणसे या व्यासपीठावर आहेत. मी वकील आहे. माझ्याकडे माणूस येतो तो घर पडल्यावर, शेत वाहून गेल्यावर, किंवा मदतीच्या यादीतून नाव गळल्यावर. म्हणून मला जे ठाऊक आहे तेच मी सांगणार आहे. भूकंप, महापूर यांसारखी आपत्ती आली की सरकार सैन्य बोलावते. ते सैनिक काय करतात, ते परत गेल्यावर गावात काय घडते, आणि या दोन्ही वेळी नवदीक्षित बौद्ध माणसाने कोठे उभे राहावे, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरण घेऊ. दिनांक ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावे गाढ झोपली होती. पहाटेचे चार वाजण्यास चार मिनिटे कमी असताना लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, होळी ही नावे त्या दिवसापूर्वी जिल्ह्याबाहेर फारशी कोणास ठाऊक नव्हती. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिलेला आहे. ५२ गावे अशी जमीनदोस्त झाली की ती जुन्या जागी न उभारता अन्यत्र वसवावी लागली.

एवढ्या तीव्रतेचा भूकंप जगात पुष्कळ ठिकाणी होतो व इतकी माणसे मरत नाहीत. मग येथे का मेली? त्या भागात घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या, दगड आणि मातीच्या. वर उन्हापासून रक्षणासाठी मातीचे जड माळवद, पावसाळ्यापूर्वी दरसाल त्यावर मातीचा नवा थर. दगडांना बांधून ठेवणारे काहीही नाही. भिंत फाकली आणि सारे माळवद झोपलेल्या माणसांवर आले. उलट ज्यांना असे घर बांधणे परवडले नव्हते, ज्यांच्या डोक्यावर गवताचे छप्पर किंवा पत्रा होता, त्यांच्यापैकी पुष्कळजण वाचले. गावकुसाबाहेरच्या वस्तीत आणि गावातील वाड्यांत त्या रात्री मरणाने केलेली निवड ही अशी होती.

हे मी येथे मुद्दाम सांगतो, कारण काही ठिकाणी आपल्याच माणसांच्या तोंडून मी निराळे ऐकले आहे. देवाने त्यांना शिक्षा केली, आमच्यावर केलेल्या अन्यायाचे फळ त्यांना मिळाले, असे कोणी म्हणतो. बंधूंनो, हे बोलणे आपले नव्हे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी असे प्रतिपादन केले होते की, ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली ईश्वरी शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्या मताचा जाहीर प्रतिवाद केला. वरवर पाहता गांधीजींचे ते विधान आपल्या बाजूचे वाटते. परंतु ज्या विचाराने भूकंप हा स्पृश्यांच्या पापाचा दंड ठरतो, त्याच विचाराने अस्पृश्याचा जन्म हा त्याच्या पूर्वजन्मीच्या पापाचा दंड ठरतो. एक स्वीकारले की दुसरे नाकारता येत नाही. तथागतांनी आपणांस कार्यकारणभाव शिकविला. जमिनीच्या पोटात ताण साठतो, खडक सरकतो, भिंत दुबळी असते, माळवद जड असते, म्हणून माणूस मरतो. लिंगायत, मराठा, मुसलमान, बौद्ध, जो त्या भिंतीखाली होता तो मेला. तो आपल्या दुःखाचा विषय आहे, समाधानाचा नव्हे.

आता सैन्याकडे वळू. भूकंपानंतर पोलीस, राखीव दल, स्वयंसेवक आणि सैन्याच्या तुकड्या त्या गावांत पोहोचल्या. पुढे पाऊस लागला. चिखल, पडलेले दगड, मेलेली जनावरे, आणि ढिगाऱ्याखाली कुजू लागलेली माणसे. प्रेते इतकी होती की पडक्या घरांचीच तुळया-दारे सरणासाठी वापरावी लागली. अशा ठिकाणी सैनिकांनी हातांनी दगड उचलले आणि हातांनीच प्रेते बाहेर काढली. मंगरूळ येथे एक दीड वर्षाची मुलगी चार दिवसांहून अधिक काळ ढिगाऱ्याखाली होती. घरच्यांनी आशा सोडली होती. निदान प्रेत तरी मिळावे एवढीच त्यांची मागणी उरली होती. एक लष्करी अधिकारी त्या ढिगाऱ्यात शिरला, आणि त्याच्या हाताला लागले ते प्रेत नव्हते, जिवंत मूल होते. तो अधिकारी मराठवाड्याचा नव्हता. मुलगी कोणत्या घरची, त्या घराचे पाणी चालते की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची त्याला आज्ञाही नव्हती.

मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो. आमच्या वस्तीतील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांनी तरुणपणी गावकी केली होती, ते वर्तमानपत्रातील सैनिकांचे छायाचित्र पाहून जे बोलले ते मी अद्याप विसरलेलो नाही. ते म्हणाले, "बघ पोरा, हेच काम आम्ही केले तर आम्ही बाटलेले, आणि यांनी केले तर यांना सलाम." त्या वेळी मला त्या वाक्याचा अर्थ नीट कळला नाही. पुढे कायदा शिकलो तेव्हा कळला, आणि आज मी आपल्यासमोर जे मांडणार आहे त्याचे मूळ तेथे आहे.

गावगाड्यात महाराच्या वाट्यास काय होते, हे येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. मेलेले ढोर ओढून न्यावयाचे, मयताची वर्दी घेऊन उन्हातान्हात परगावी पळावयाचे, सरणाची लाकडे वाहावयाची, बेवारशी प्रेताची वासलात लावावयाची. याला वतन म्हणत! बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतन प्रत्यक्षात नष्ट झाले ते १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या कायद्याने. त्याच्या दोन वर्षे अगोदर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे आपल्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली होती. गावोगाव आपल्या माणसांनी ढोर ओढणे सोडले, आणि त्यासाठी बहिष्कार सोसला, मार खाल्ला, पाणी तोडले गेले ते सहन केले. ते काम सोडणे हा धर्मांतराचाच एक भाग होता.

यातून नवदीक्षित तरुणांच्या मनात एक गुंता निर्माण झालेला मी पाहतो. प्रेताला हात लावणे हे हलके काम, ते आम्ही सोडले, आता आम्ही ते कधीही करणार नाही, असे ते म्हणतात. त्यांचा आवेश मला समजतो. परंतु येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. ते काम हलके होते काय? की ते आपल्यावर लादण्याची रीत हलकी होती?

विनयातील एक प्रसंग आपणांपैकी काहींनी भन्तेजींच्या तोंडून ऐकला असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, आणि दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले, उचलले, मंचकावर निजविले. त्यानंतर त्यांनी संघाला रुग्णसेवेचा उपदेश केला. जगातील सर्वांत पूजनीय पुरुषाने ज्या कामाला हात लावला ते काम अपवित्र असू शकत नाही. सैनिक किल्लारीत प्रेत उचलतो तेव्हा तो अपवित्र होत नाही, कारण ते काम त्याला जन्माने चिकटलेले नसते. त्याच्या शेजारी उभा असलेला दुसऱ्या जातीचा सैनिकही तेच करीत असतो, त्याला वेतन असते, त्याच्या अंगावर गणवेश असतो, आणि काम संपल्यावर तो त्याच पंगतीत बसून जेवतो. आपल्या आजोबांपाशी यांतील एकही गोष्ट नव्हती. फरक तेवढाच आहे, आणि तोच सर्व काही आहे.

हे जुने झाले, आता असे होत नाही, असे कोणास वाटत असेल तर मी त्यांना २६ डिसेंबर २००४ ची आठवण करून देतो. समुद्रात भूकंप होऊन त्सुनामीच्या लाटा आल्या. तामिळनाडूत सर्वाधिक हानी नागपट्टिणम जिल्ह्यात झाली. नौदल, हवाई दल, सेना यांनी त्या वेळी केलेले काम मोठे होते. कार निकोबार येथील हवाई दलाचा तळ स्वतःच उद्ध्वस्त झाला, तेथील शंभराहून अधिक माणसे, जवान आणि त्यांची कुटुंबे, मृत्युमुखी पडली, तरीही उरलेल्यांनी मदतकार्य चालू ठेवले. श्रीलंका, मालदीव, इंडोनेशिया या देशांकडेही आपली जहाजे धावली. परंतु त्याच वेळी किनाऱ्यावर दुसरे काही घडत होते. किनाऱ्यावरील प्रेते उचलण्यासाठी इतर नगरपालिकांतून सफाई कामगार आणले गेले. ते बहुतेक दलित जातींतील होते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या हातांत धड हातमोजे नव्हते. आणि मदत छावण्यांमध्ये दलित कुटुंबांना वेगळे काढण्यात आले, पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवण्यात आले, मदतीच्या वाटपात मागे टाकण्यात आले, अशा नोंदी वृत्तपत्रांनी आणि मानवी हक्कांच्या संघटनांनी केल्या आहेत. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, त्यानंतरच्या मदतकार्यातही जातीनिहाय भेदाच्या तक्रारी नोंदविल्या गेल्या. समुद्राने भेद केला नव्हता. तो माणसांनी केला, आणि भिजलेल्या कपड्यांनिशी केला.

अशा वेळी कायदा काय म्हणतो ते नीट ध्यानात घ्या. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली आहे. त्या अनुच्छेदाचा दुसरा खंड लोक सहसा वाचीत नाहीत. सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्यास शासनाला मोकळीक आहे, परंतु ती लादताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून कोणताही भेद करता येणार नाही, असे तो खंड सांगतो. म्हणजे महापुरात गावातील धडधाकट माणसांनी बांध घालण्यास यावे असा हुकूम निघाला, तर तो पाटलाच्या मुलाला आणि तुमच्या मुलाला सारखाच लागू. बांध घालावयास सर्वांनी यावे आणि प्रेते मात्र तुमच्या वस्तीने उचलावीत, असे कोणी म्हटले, तर तो हुकूम घटनाबाह्य आहे.

एवढेच नव्हे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ यात २०१५ साली दुरुस्ती झाली व ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. त्या दुरुस्तीप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मनुष्याचे वा जनावराचे प्रेत उचलावयास, वाहून न्यावयास किंवा थडगे खणावयास लावणे हा गुन्हा आहे. तो गुन्हा त्या जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तीने केलेला असावा लागतो. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून झाडलोट करावयास वा मेलेली जनावरे ओढावयास भाग पाडणे, याला नागरी हक्क संरक्षण कायद्यातही शिक्षा सांगितली आहे.

येथे नवदीक्षित कुटुंबे मला हमखास एक प्रश्न विचारतात. आम्ही आता बौद्ध झालो. हिंदू राहिलो नाही. मग अनुसूचित जातींसाठी असलेला हा कायदा आम्हांस लागू होतो काय? होतो. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्माबाहेरच्या माणसास अनुसूचित जातीचा मानीत नसत. १९५६ मध्ये शिखांचा त्यात समावेश झाला. बौद्धांचा समावेश होण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे धर्मांतरानंतर चौतीस वर्षे आपल्या लोकांनी केंद्रातील सवलतींवर पाणी सोडले, पण धम्म सोडला नाही. आज धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे निःसंकोच लिहा, आणि जातीच्या दाखल्यावर मूळ जात आहे की नाही ते पाहून घ्या. दोन्ही एकत्र नांदू शकतात. भीतीपोटी धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिणारी काही कुटुंबे मला माहीत आहेत. त्यांना दोष देत नाही, परंतु त्या भीतीला कायद्याचा आधार उरलेला नाही, एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे.

मग आपल्या तरुणांनी आपत्तीत प्रेतांना हात लावू नये काय? माझे उत्तर असे आहे की, लावावा. पण सैनिकासारखा लावावा. आपल्या खुशीने, इतर जातींच्या तरुणांच्या बरोबरीने, हातमोजे आणि मुखपट्टी घालून, पथकात नाव नोंदवून. गावाने "तुमचे काम आहे, तुम्ही या" म्हटले तर घटना पुढे करावी व नकार द्यावा. गावाने "आपण सगळे जाऊ" म्हटले तर सर्वांत पुढे असावे. आपल्या ज्येष्ठांना हे पचणार नाही, हे मी जाणतो. या विषयावर माझा माझ्या वडिलांशी पुष्कळ वाद झालेला आहे. त्यांचे म्हणणे असे की, एकदा हात लावला की गाव पुन्हा ते काम आपल्याच गळ्यात बांधील. त्यांचे भय निराधार नाही. म्हणूनच मी पथक आणि नोंद या दोन गोष्टींवर एवढा भर देतो. नोंद असली की उद्या कोणी म्हणू शकत नाही की, हे काम यांच्याच घराण्याचे.

सैन्याची स्तुती मी केली, पण आपण भाबडेपणाने स्तुती करणारे लोक नाही. ब्रिटिश अमलात हेच सैन्य जात पाहून भरती करीत असे. मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या महार सैनिक होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्याच फौजेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्ताने महारांची भरती बंद पडली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. आज आपत्तीत जात न विचारणारा सैनिक आपण पाहतो; तो आपोआप तसा झालेला नाही. त्यामागे भांडण आहे आणि ते आपल्या माणसांनी केलेले आहे.

सैन्य चांगले असले तरी ते कायद्याच्या आणि मुलकी सत्तेच्या आज्ञेत असावे लागते. ३१ मे १९३५ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या क्वेट्टा शहरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. तेथे मोठी लष्करी छावणी होती, सैनिकांनी पुष्कळांना वाचविले, हे खरे. परंतु सेनापती कार्सलेक यांनी लष्करी कायदा पुकारून शहराला वेढा घातला. गांधीजी, राजेंद्रप्रसाद यांनाही सरकारने तेथे जाऊ दिले नाही. ढिगाऱ्याखाली आपली माणसे अद्याप जिवंत आहेत, आम्हांस खणू द्या, असे म्हणणाऱ्यांचे ऐकण्यास तेथे कोणतीही सभा नव्हती, कोणतेही न्यायालय नव्हते. स्वतंत्र भारतात तसे होत नाही. सैन्य येते ते मुलकी अधिकाऱ्यांच्या मागणीवरून, बहुधा जिल्हाधिकाऱ्यांच्या. मदतीची जबाबदारी मुलकी प्रशासनाकडेच राहते, आणि निकड संपली की सैन्य परत जाते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने सैन्यदलांच्या तैनातीची तरतूद केली, आणि आपत्तीच्या कामासाठीच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल निर्माण केले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ असते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला तेव्हा याच दलाने चिखल उपसला.

सैन्य परत जाते. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न येथून सुरू होतो.

सैनिक गेल्यावर गावात तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, पंचनामा येतो, यादी येते. सैनिकाने जात विचारली नाही, परंतु यादी जमीन विचारते. किल्लारीच्या पुनर्वसनात नवीन घराचे माप कुटुंबाच्या जमिनीवरून ठरविण्यात आले. भूमिहीनाला २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फुटांचे. यामागे अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा असेल की, ज्याचे अधिक गेले त्याला अधिक द्यावे. पण मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे आपणांस सांगावयास पाहिजे काय? ज्या आपत्तीने गावकुसाच्या आतील आणि बाहेरील घरे एकाच दिवशी मातीला मिळविली, त्या आपत्तीनंतर जुने मोजमाप कागदावर पुन्हा उभे राहिले. या धोरणाला कोणी जातीय म्हणू शकणार नाही, कारण त्यात जातीचा उल्लेख नाही. नेमके म्हणूनच ते अधिक विचार करण्यासारखे आहे.

त्यानंतरचा कायदा पुढे गेला आहे. २००५ च्या कायद्याचे ६१ वे कलम सांगते की, आपद्ग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेद करता येणार नाही. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार यांची किमान प्रमाणे, विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद आणि मृतांच्या कुटुंबीयांस अनुदान यांचा उल्लेख करण्यात आला. ३० जून २०२१ रोजी, करोना साथीच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, त्या कलमाखालील कर्तव्य बंधनकारक आहे, ऐच्छिक नव्हे. म्हणून मदतीची पिशवी हातात घेताना मान खाली घालू नका. ती कोणाची भीक नाही.

पण कलम आपोआप घरी येत नाही. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावातील उपासकाचे प्रकरण माझ्याकडे आले. पुराने घर पडले. सैन्याच्या नावेने त्यांच्या म्हाताऱ्या आईला छतावरून उतरविले, त्याचे छायाचित्र होते. पंचनाम्यात मात्र त्यांचे घरच नव्हते. जागा गायरानातील, गावाच्या नोंदवहीत घर नावावर नाही, म्हणून पाहणी करणाऱ्याने रकाना रिकामा सोडला. पाणी ओसरल्यावर भिंतीचा मागमूस राहिला नव्हता, तेव्हा दाखवावयासही काही नव्हते. आम्ही विजेची देयके, शिधापत्रिका, घरपट्टीची एक जुनी पावती, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडून लेखी हरकत घेतली. नाव यादीत लागण्यास सात महिने गेले. तोपर्यंत तो माणूस सावकाराकडे जाऊन आलेला होता.

म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराने काय करावे ते सांगतो. शिधापत्रिका, आधारपत्र, जातीचा दाखला, घरपट्टीची पावती, विजेचे देयक यांच्या प्रती काढून एका मेणकापडी पिशवीत ठेवा, आणि एक संच दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे द्या. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करून घ्या, कारण आपत्तीत विधवा झालेल्या स्त्रीस सर्वांत अधिक हेलपाटे घालावे लागतात. आज हातोहात फिरणाऱ्या मोबाईलवर घराची चारी बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवा. पंचनामा होत असताना घरचे कोणी तरी तेथे हजर राहा; पंच म्हणून सही करण्यास आपल्या वस्तीतील माणसे पुढे होऊ द्या; कोऱ्या कागदावर सही करू नका; प्रत मागा. नाव गळले तर तोंडी तक्रार करून घरी परतू नका. तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. यादी दाखवीत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली मागा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना भाग आहे. छावणीत पाण्यासाठी वा जेवणासाठी वेगळे बसविले तर तेथे भांडत बसू नका. दिवस, वेळ, कोणी सांगितले, कोण हजर होते, एवढे लिहून ठेवा आणि दोन माणसांच्या सह्या घ्या. न्यायालयात माझ्यासारख्या वकिलाला तो कागद लागतो.

आणि एक कटू गोष्ट. न पडलेले घर पडले असे सांगून मदत घेणे हा त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मदतीच्या मालाचा अपहार करणाऱ्या अधिकाऱ्यालाही ५३ व्या कलमाने तेवढीच शिक्षा आहे. दुसऱ्या कलमाचा आधार आपण घेणार असू, तर पहिल्या कलमात आपले कोणी सापडता कामा नये. आपल्या वस्तीतील एकाने खोटे सांगितले की उरलेल्या चाळीस खऱ्या घरांवर संशय घेतला जातो, हा माझा अनुभव आहे.

सभेनंतर मी विहाराच्या ओसरीवर बसणार आहे. ज्यांच्या घराची नोंद नसेल त्यांनी हाती असतील ते कागद घेऊन यावे. तरुणांपैकी ज्यांना तालुक्याच्या आपत्ती पथकात नाव द्यावयाचे असेल, त्यांचे अर्जही तेथेच भरून घेऊ.

जयभीम.